घरी कंडेन्सर माइक बनवताना कोणत्या पार्टवर पैसे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी कंडेन्सर माइक बनवायचाय, बजेट मोजकं आहे, तर 'ऑडिओ ग्रेड' कपॅसिटर, खास ट्रान्झिस्टर असल्या गोष्टींवर पैसे घालावेत का, आणि सोलापुरात सामान मिळेल का?

मिळेल, एक-दोन गोष्टी सोडून. पैसे मात्र सगळीकडे घालू नका. या माइकमध्ये खरी नाजूक जागा एकच, कॅप्सूलची (आवाज पकडणाऱ्या चकतीची) वायर जेफेटच्या (तिचा नाजूक सिग्नल पुढे नेणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटला, म्हणजे इनपुटच्या पायाला मिळते तो सांधा. तिथे चुकलात तर बाकी सगळं सोन्याचं लावा, माइक खरखरणारच. माझा पहिला माइक असाच दोन आठवडे छळत होता.

आधी कॅप्सूल. पहिल्याच खेपेला इलेक्ट्रेट घ्या. यात पडद्याजवळच्या थरात विद्युतभार कायमचा कोंडलेला असतो, त्यामुळे कॅप्सूलला वेगळे ५०-६० व्होल्ट द्यावे लागत नाहीत आणि चार पार्ट वाचतात. ही युक्ती १९६२ ची, बेल लॅब्जमधल्या जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांची. स्वस्त म्हणून तिला नावं ठेवणारे भेटतील, लक्ष देऊ नका.

मोठी कॅप्सूल म्हणजे शेवटी साठेक पिकोफॅरडचा कपॅसिटर. गेटवरून ग्राउंडला जाणारा रेझिस्टर आणि ती मिळून खर्ज कुठे कापला जाणार ते ठरवतात. ६० पिकोफॅरडला १० मेगाओहम लावलात तर २६५ हर्ट्झच्या खालचं गळायला लागतं, म्हणजे तबल्यातला डग्गा निम्मा गेला. १ गिगाओहम लावा, तीच मर्यादा ३ हर्ट्झच्या आत येते. शिवाय हिस, म्हणजे मागचा बारीक 'स्स्' आवाजही कमी होतो. ऐकायला उलटं वाटतं, पण एवढ्या मोठ्या रेझिस्टरचा स्वतःचा नॉइज कॅप्सूलच दाबून टाकते.

हा रेझिस्टर मी नवी पेठेत मागितला तेव्हा दुकानदार म्हणाले, "मेगा म्हणा की. गिगा लावून काय बनवालाव, बाँब?" तो ऑनलाइनच मागवा, चार-पाच नग एकदम. आल्यावर पायाला धरा, अंगाला बोट लावू नका. बोटाचं तेल त्याच्यावर बसलं की करंट तिथूनच वाट काढतो. साध्या मल्टिमीटरवर तो ओपन दिसेल, खराब समजून टाकू नका.

आता माझी फजिती. पहिला माइक मी झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) बसवला, डबीतली सोल्डरिंग पेस्ट सढळ हाताने लावून. मे महिना होता, हवा कोरडी ठाक, रेकॉर्डिंग चकाचक. श्रावणात झड लागली आणि माइक फोडणीसारखा तडतडायला लागला. केबल बदलली, ट्रान्झिस्टर बदलले, मिक्सरला शिव्या घातल्या. शेवटी भिंग लावून पाहिलं तर गेटच्या टाक्याभोवती पेस्टचा पिवळा थर. दमट हवेत त्या थरातून काहीशे मेगाओहमची वाट तयार होते, आणि १ गिगाच्या शेजारी ती वाट म्हणजे मोठं भोकच. मग गेटचा पाय बोर्डवरून उचलला, कॅप्सूलची वायर आणि रेझिस्टरचं टोक तिथेच अधांतरी जोडलं, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने सगळं धुतलं, हेअर ड्रायरने वाळवलं. त्यानंतर तीन पावसाळे गेले, तडतड नाही.

जेफेटबद्दल: सगळे २एसके१७० सुचवतात. तोशिबाने तो बंद केलाय आणि बाजारात नंबर घासून छापलेला नकली माल फार. माझ्या दहापैकी सहा गेट आणि सोर्स हे पाय जोडून करंट मोजताच उघडे पडले. शिवाय त्याची स्वतःची कपॅसिटी तीसेक पिकोफॅरड, म्हणजे कॅप्सूलच्या निम्मी. नॉइज कमी, पण सिग्नलही खातो. २एन३८१९ घ्या. शिकायलाच बनवताय तर पॉलिटेक्निकच्या लॅबमधला तो चार पायांचा बीएफडब्ल्यू१० पण चालेल, चौथा पाय ग्राउंडला. बायसला, म्हणजे जेफेटचा करंट जुळवायला, प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) ठेवा, कारण एकाच नंबरच्या दोन जेफेटमध्ये करंट दुपटीने वेगळा निघतो.

बाकी सगळं साधं. जेफेटच्या पुढे दोन बीसी५५७ ट्रान्झिस्टर. जेफेटच्या ड्रेन आणि सोर्स पायांचे रेझिस्टर मेटल फिल्म, १ टक्कावाले, मीटरवर जोडी लावून. पुढचे १ मायक्रोचे कपॅसिटर कुठल्याही फिल्मचे. इलेक्ट्रोलिटिक ६३ व्होल्टचे. सिग्नलच्या वाटेत एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर मात्र नको, तो ठोकलं की स्वतःच वाजतो. ऑडिओ ग्रेडचे पैसे वाचवा आणि जाड धातूची बॉडी घ्या. उघडा बोर्ड ५० हर्ट्झचा गुणगुणाट करणारच, बॉडी बंद करून ग्राउंडला जोडल्याशिवाय त्याची परीक्षा करू नका.

फँटम, म्हणजे मिक्सर केबलमधूनच माइकला देतो ते ४८ व्होल्ट, एकदा मोजून घ्या, माइकच्या केबलच्या पिन १ आणि २ मध्ये. स्वस्त मिक्सर ४८ लिहितात आणि कमी देतात. मिक्सरमधल्या ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून तुमचा माइक एकूण ४ मिलिअँपिअर ओढत असेल तर पिनवर ३४ व्होल्टच्या आसपास उरतात. तेवढे पुरतात.

झाला की रात्री खोली बंद करून लावून बघा. माझं घर सोलापूरच्या पूर्व भागात. पहिल्या रात्री हेडफोनमध्ये बारीक खट्खट् आली, मी पुन्हा स्क्रू खोलायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, मागच्या गल्लीतले माग आहेत ते." दारावर दोन चादरी टांगल्या तेव्हा कमी झाली.