धोबीघाट, गटारं, मासळीबाजार असल्या जागा बघायला पर्यटक का जातात?

तुमचा प्रश्न असा की मुंबईत गेटवे, म्युझियम असताना परदेशी पाहुणे धोबीघाटाच्या पुलावर गर्दी का करतात, त्यांना त्यात एवढं काय दिसतं? माझं उत्तर: चालू काम दिसतं. फोटो चांगले येतात, फुकटात होतं वगैरे कारणं त्यानंतरची.

किल्ल्याचं, राजवाड्याचं मूळ काम कधीच संपलंय. आता तिथे जे चालतं ते बघणाऱ्यासाठी, म्हणजे तिकीट, पाट्या आणि गाइड. महालक्ष्मी स्टेशनला खेटून असलेला धोबीघाट १८९०च्या सुमाराचा, पण तिथल्या माणसाला तुम्ही पुलावर उभे आहात की नाही याचं काही देणंघेणं नसतं. त्याला संध्याकाळपर्यंत हॉटेलच्या चादरी उरकायच्या असतात. सिमेंटच्या हौदांच्या रांगा आणि प्रत्येक हौदाशी आपटायचा दगड. वाळत घालायला चिमटे नाहीत. दोन दोऱ्या एकमेकींत पिळून ताणलेल्या असतात, त्या पिळात कापडाचं टोक खोचायचं की झालं.

माझं ऑफिस जवळच असल्यामुळे बाहेरगावचे पाहुणे आले की तिथे न्यायचं काम माझ्याकडे येतं. त्यांचा पहिला प्रश्न हमखास असतो, 'एवढ्या ढिगातून ज्याचा शर्ट त्याला परत कसा मिळतो?' कपड्याच्या आतल्या बाजूला न धुपणाऱ्या शाईची खूण असते, असं सांगितलं की मंडळी कठड्यावरून हलत नाहीत. उलट, आता खाली मोठी वॉशिंग मशीनं आणि ड्रायरही आलेत म्हटलं की काहींचे चेहरे पडतात. जणू धोब्याने त्यांच्या फोटोसाठी आयुष्यभर हातानेच कपडे आपटायला हवेत!

'गरिबी बघायला येतात हो,' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. धारावीच्या फेऱ्यांबाबत हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. कुणाच्या दारात कॅमेरा रोखणं वाईटच, आणि म्हणून काही गाइड तिथे फोटो काढूच देत नाहीत, ते योग्य आहे. पण नुसत्या गरिबीने हे कोडं सुटत नाही. पॅरिसमध्ये १८६७च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी लोकांना शहराची भुयारी गटारं दाखवायला सुरुवात झाली. लोक होड्यांतून आणि गाड्यांतून फिरून ती बघायचे. आजही तिथे गटारांचं म्युझियम आहे. त्याच शहरात बेवारस प्रेतं ओळख पटावी म्हणून काचेमागे ठेवत, तर तीही बघायला रांगा लागत. शेवटी १९०७ मध्ये ते लोकांसाठी बंद करावं लागलं. शहराचं पोट कसं चालतं ही उत्सुकता जुनी आहे, आणि ती नेहमीच सोज्वळ असते असंही नाही.

आपल्याला त्यात नवल वाटत नाही, कारण इस्त्रीवाला दारात येतो आणि कोळीण डोळ्यांदेखत पापलेट कापते. पाहुण्यांच्या शहरांत ही कामं बहुतेक भिंतीआड गेली आहेत.

गंमत म्हणजे गर्दी वाढली की तेच काम अडतं. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात पहाटे ट्यूना माशांचा लिलाव चाले. बघे व्यापाऱ्यांच्या पायांत येऊ लागले, माशांना हात लावू लागले. मग रोज १२० जणांनाच प्रवेश, तोही पहाटेच्या आधीच रांग लावून. २०१८ मध्ये घाऊक बाजार तोयोसूला हलला, तिथे लिलाव वरच्या गॅलरीतून काचेपलीकडून बघता येतो. सोय उत्तम, पण मासळीबाजारातून वासच काढून टाकला तर मला तरी त्यासाठी पहाटे उठवणार नाही.

तुम्हाला जायचंच असेल तर धोबीघाटावर सकाळी जा, दुपारपर्यंत बरंचसं धुणं आटोपलेलं असतं. पुलावरून बघायला पैसे पडत नाहीत. खाली उतरायचं असेल तर पैसे आधी ठरवून घ्या आणि हौदांमधल्या वाटेत उभं राहून गप्पा मारू नका, तिथून डोक्यावर ओली गाठोडी घेतलेली माणसं जात असतात.