अमेरिकेत प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, विद्यमान राष्ट्राध्यक्षाविरुद्ध निषेधाचं मत दिलं, तर उपयोग होतो का?

होतो, पण उमेदवारी हिसकावण्यापुरता क्वचितच. २०२४ चं मिशिगन बघा. २७ फेब्रुवारीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्यासमोर तगडा प्रतिस्पर्धी नव्हता. गाझातल्या युद्धामुळे संतापलेल्या मतदारांनी मतपत्रिकेवरच्या 'अनकमिटेड' (कुठल्याच उमेदवाराला बांधील नाही) या पर्यायावर खूण केली. आयोजकांचं लक्ष्य होतं १० हजार मतं, कारण २०१६ मध्ये ट्रम्प यांनी हे राज्य जेमतेम तेवढ्याच फरकानं जिंकलं होतं. प्रत्यक्षात मतं पडली एक लाखाहून जास्त, म्हणजे सुमारे १३ टक्के. अरब-अमेरिकन वस्ती मोठी असलेल्या डिअरबॉर्न शहरात तर या पर्यायानं बायडन यांनाच मागे टाकलं.

आपल्याकडच्या 'नोटा'शी याची गल्लत करू नका. लोकसभा-विधानसभेत 'नोटा'ला कितीही मतं पडली तरी हातात काही येत नाही. तिथे 'अनकमिटेड'ला १५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवायला मत देणारे प्रतिनिधी मिळतात. राज्यभरात तो हुकला, तरी मतदारसंघनिहाय हिशेबात मिशिगनमधून दोन मिळाले, पुढे मिनेसोटातून ११. ऑगस्टच्या शिकागो अधिवेशनात मात्र पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला बोलू देण्याची या प्रतिनिधींची साधी मागणीही पक्षानं मान्य केली नाही. हे मला फार खटकलं.

सर्वांत मोठा हादरा १९६८ चा. न्यू हॅम्पशायरमध्ये व्हिएतनाम युद्धाचे विरोधक मॅकार्थी यांनी ४२ टक्के मतं घेतली. जिंकले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच, पण ३१ मार्चला त्यांनी शर्यतीतून माघार घेतली.