शनिवारचा हरवलेला बूट

“मॅडम, भेटीला पाठवलं नाही तर मीच आडमुठी ठरते. पाठवलं तर दिवसभर जिवात जीव नसतो. करू काय?” मुलांना वडिलांच्या भेटीला पाठवण्याबद्दल नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या आयांकडून हा प्रश्न सतत येतो.

ही आई मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेली (तपशील बदलले आहेत). कोर्टाच्या अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या, आदेशानुसार सात वर्षांची मुलगी दर शनिवारी वडिलांकडे जायची. आणि दर शनिवारी तिचा एक बूट हरवायचा. “तिला जायचंच नसतं,” आई म्हणायची. आईचीच भीती लेकीत उतरली असेल, असं मला वाटलं.

दोघीही चुकलो. खेळता खेळता मुलगी म्हणाली, “बूट शोधायला आई आत जाते ना, मग बाबांना तिला ओरडता येत नाही.”

बाबा तिला आवडत होते. नको होती ती दारातली पाच मिनिटं, आणि नंतर गाडीतले प्रश्न: आईकडे कोण येतं, ती किती वाजता परतते. मारहाण थांबली होती, पण धाक दारापर्यंत येतच होता. घर सोडलं की त्रास संपतो असं लोक धरून चालतात. खरं तर वेगळं झाल्यानंतरचा काळच अनेकदा जास्त धोक्याचा असतो.

दोन्ही पालकांशी नियमित संबंध हा मुलाचा हक्क आहे, पण मुलाच्या हिताला बाध येत नसेल तरच, असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं नववं कलम सांगतं. म्हणून मी आईला म्हटलं, आदेश असताना भेट परस्पर बंद करू नका, वकिलामार्फत तो बदलून मागा. जिवाला धोका वाटला तर मात्र तारखेची वाट न बघता त्याच दिवशी पोलीस गाठा.

तिच्या वहीत “नेहमीसारखा विचित्र वागला” असं पानोपानी होतं. त्याऐवजी तारीख, वेळ आणि कानांनी ऐकलेले शब्द लिहायला लावले. कोर्टात त्याचाच उपयोग झाला. आता मुलीला तिसऱ्या जागी, तिसऱ्या माणसाच्या हाती सोपवतात, भेट देखरेखीखाली होते, निरोप फक्त लेखी.

एकच पथ्य तिला जड गेलं: परतल्यावर मुलीची उलटतपासणी नाही. “पहिल्या शनिवारी ‘काय विचारलं गं बाबांनी?’ अगदी ओठांवर आलं होतं,” ती म्हणाली. “मग नुसते तिचे बूट काढून ठेवले.”