तिसरं वजन सापडेपर्यंत घड्याळ विकू नका

वाईच्या एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. सासरच्या वाड्यात माजघराच्या भिंतीवर लंबकाचं उंच घड्याळ आहे. तबकडीवर मुंबईतल्या एका दुकानाचं नाव, चावीसाठी तीन भोकं, पेटीत लोंबणारी पितळी वजनं मात्र दोनच. आतल्या पितळी पत्र्यावर मुकुट, नांगर आणि ‘जी’ ‘बी’ अशी अक्षरं, खाली सात लाखांच्या घरातला आकडा. एक व्यापारी ‘फ्रेंच आहे, अर्धवट आहे’ म्हणत ७५,००० रुपये द्यायला तयार आहे आणि त्याला रविवारपर्यंत उत्तर हवंय. मुलाच्या इंजिनीअरिंगच्या फीला नेमके तेवढेच कमी पडताहेत. ४ लाखांची एफडी आहे, पण ती मोडायची नाही. लंडनचा पुतण्या म्हणतो, मी घेऊन जातो, तिकडे जास्त येतील.

ताई, रविवारी त्याला ‘नाही’ सांगा. ७५,००० कमी आहेत असं मी म्हणत नाही. आपण काय विकतोय हे तुम्हाला अजून माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायला लागणारा वेळ तुम्हाला अगदी स्वस्तात मिळतोय.

तो कसा, ते आधी सांगते. एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. अशा कर्जाचा दर साधारणपणे एफडीच्या दरापेक्षा १ ते २ टक्के जास्त असतो, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. २ टक्के धरले तरी ७५,००० रुपयांवर तीन महिन्यांचा फरक ३७५ रुपये होतो. मुलाची फी वेळेत भरली जाईल आणि घड्याळ भिंतीवरच राहील. व्यापाऱ्याने घातलेली मुदत त्याच्या सोयीची आहे, तुमच्या फीच्या तारखेशी तिचा काही संबंध नाही.

आता घड्याळाकडे वळू. तबकडीवरचं नाव बहुतेक वेळा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नाही. बनवणारा कोण, ते आतल्या पत्र्यावर कळतं. मुकुट, नांगर आणि जी-बी ही गुस्ताव बेकर यांच्या कारखान्याची खूण. तो १८४७ च्या सुमारास सायलेशियातल्या फ्रायबुर्ग या गावी सुरू झाला. तेव्हा हा भाग प्रशिया या जर्मन राज्यात होता, आज ते गाव पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव श्वेबोजित्से. म्हणजे घड्याळ फ्रेंच नाही. कुणी ‘व्हिएन्नाचं’ म्हणालं तर तेही पूर्ण खरं नाही. काचेची उंच पेटी आणि आत लोंबती वजनं ही घडण व्हिएन्नाची, ती बेकरसारख्या कारखान्यांनी उचलली.

आकड्यावरून काळही बांधता येतो. बेकरचे क्रमांक १८८५ च्या आसपास पाच लाखांवर आणि १८९२ च्या आसपास दहा लाखांवर गेले. तुमचं यंत्र त्या सात वर्षांतलं. (लंबकाच्या चकतीवर ‘आर’ आणि ‘ए’ अशी अक्षरं असलेली घड्याळंही आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसतात. लोक त्याला कंपनी समजतात. ती फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं आहेत, घड्याळाची चाल हळू किंवा जलद करण्यासाठी.)

पण पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही शेवटी सहज लिहिलंय: सासूबाई सांगायच्या की पूर्वी ते दर पाव तासाला वाजायचं, बाळ झोपेना म्हणून आजेसासऱ्यांनी एक वजन काढून ठेवलं. एक वजन असलेलं घड्याळ फक्त वेळ दाखवतं, दोन वजनांचं ठोकेही देतं. तिसरं वजन पाव तासाच्या ठोक्यांसाठी. तीन वजनांची घड्याळं कमी आढळतात आणि जाणकार त्यांचा भाव वेगळा करतात. तीन भोकं आणि दोन वजनं बघून व्यापाऱ्याने ‘अर्धवट’ म्हणून किंमत लावली. ते वजन माळ्यावर, अडगळीच्या पेटीत, तांब्याच्या हंड्यात कुठेतरी असेल. आधी ते शोधा.

मग यंत्र आणि पेटी मुळातली एकत्रच आहेत का, हे जाणत्या घड्याळजीला घरी बोलावून बघून घ्या. मागच्या फळीवर स्क्रूची जास्तीची भोकं दिसली तर यंत्र एकाचं आणि पेटी दुसऱ्याची असू शकते, आणि त्याने किंमत बरीच उतरते. पॉलिश आणि नव्या तबकडीचे पैसे कुणी मागत असेल तर अजिबात देऊ नका. जुनी तबकडी रंगवली की मूळ वस्तूची किंमतच जाते. साफसफाई, तेल आणि वजनांच्या दोऱ्या एवढंच करा, आणि तो घरखर्च समजा. घड्याळ व्याज देत नाही, त्यात घातलेला पैसा परत येईलच असं धरून चालू नका.

पुतण्याला मात्र स्पष्ट नाही म्हणा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाहीत. एखादी वस्तू त्यात बसते की नाही हे पुरातत्त्व खातं ठरवतं, विमानतळावर आपण नाही.

विकायची वेळ आलीच तर सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं होतं का, ते बघा. केलं नसेल तर दीर आणि नणंद यांचाही वाटा आहे. त्यांची लेखी संमती घ्या, तीही किंमत ठरायच्या आधी. घरात वापरात असलेल्या अशा वस्तूच्या विक्रीवर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण कलावस्तूंना ती सूट नाही. रक्कम मोठी निघाली तर सीएला विचारा. पैसे बँकेतूनच घ्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तर कायद्यानेच बंद आहे.

तीन महिन्यांनी मुंबईतल्या दोन लिलावगृहांकडून लेखी अंदाज मागवा. फोटो पाठवताना पत्र्यावरची खूण, आकडा, तिन्ही वजनं आणि मागची फळी दिसू द्या, आणि त्यांचं कमिशन किती ते आधीच विचारा. अंदाज ७५,००० च्या आसपासच आला तर मी तुमच्या जागी घड्याळ ठेवेन आणि कर्ज पगारातून दरमहा फेडेन. तो दोन-तीन लाखांच्या पुढे गेला तर दीर-नणंदेबरोबर बसून विकण्याचा विचार जरूर करा. मुलाची पुढची तीन वर्षं अजून बाकी आहेत.

आणि वजन सापडलं की लगेच अडकवू नका. दोरी इतक्या वर्षांची आहे, तुटली तर पितळ खाली येऊन पेटीचा तळ फोडेल. घड्याळजी येईपर्यंत ते कापडात गुंडाळून ठेवा.