चुलीच्या धुराचं आणि बँकेचं नातं आहे, बाबा

गुहागरहून पत्र पाठवणारे बाबा, नमस्कार. मुलीला बारावी कॉमर्सला ७४ टक्के पडले, त्यात काळजी करण्यासारखं काहीच नाही. फोनवरून, बँकेतून होणारे पैशांचे व्यवहार आणि हवेचं प्रदूषण यांचा संबंध तिला शिकायचाय, त्यातही नाही. मला खटकली ती तुमची शेवटची ओळ, "सीए नायतर बँकेची परीक्षा, चुलीच्या धुराचं आणि बँकेचं काय नातं, हे खूळ तुम्हीच तिच्या डोक्यातून काढा." नाही काढणार. पुतण्याचे ९१ टक्के तुम्ही दोनदा लिहिलेत, आणि पोरीने वाडीतल्या १२ घरांच्या सिलिंडरच्या तारखा वहीत उतरवल्या ते एका ओळीत, तेही तक्रार म्हणून.

अहो, गॅसची सबसिडी २०१५ पासून देशभर थेट खात्यात येऊ लागली, गरीब घरांना गॅस कनेक्शन देणारी उज्ज्वला योजना २०१६ ची. कनेक्शन घरात आलं, पण रिफिलचे पूर्ण पैसे आधी भरायचे आणि सबसिडी मागाहून. तुमच्याच पत्रात आहे की शेजारच्या आजींच्या खात्याला नंबर मुंबईतल्या मुलाचा जोडलाय, मेसेज तिकडे वाजतो, आजींना पैसे आले की नाही तेच कळत नाही, मग सिलिंडर गणपतीत चाकरमानी येतील तेव्हासाठी राखून ठेवायचा आणि एरवी लाकडं नि झावळ्या. त्या धुरातले पीएम २.५ म्हणजे अगदी बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे, ते फुप्फुसात खोलवर जातात आणि तोच धूर कौलांतून निघून सगळ्या वाडीच्या हवेत मिसळतो. हेच ते नातं, आणि ते तुमच्या मुलीला दिसलं.

तिलाही एक सांगतो, नुसते फोनवरून पैसे दिले म्हणून हवा साफ होत नाही गं. फास्टॅगने टोलची रांग कमी होते, गाड्या उभ्या उभ्या धूर सोडत नाहीत, एवढं खरं. पण मोबाईलवर झटपट मिळालेल्या कर्जातून कोणी ई-रिक्षा घेईल तसा कोणी जुना डिझेल टेम्पोही घेईल, म्हणून पैसा कशात गेला ते बघायचं.

सीए, बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा आहेतच, कुठे जात नाहीत. माझं मत विचाराल तर इकॉनॉमिक्स घ्या, स्टॅटिस्टिक्स अजिबात सोडू नका, पुढे एमए. रिझर्व्ह बँक इकॉनॉमिक्सवाल्यांची वेगळी भरती करते, तुम्हाला बँकच हवी असेल तर तीही वाट आहे.

पण कोर्सचं नंतर. आज रात्री जेवणं झाली की तिच्याजवळ बसून ती वही वाचा, पुतण्याचं नाव न काढता. आणि या आठवड्यात तिला नि त्या आजींना घेऊन बँकेत जा, खात्याला आजींचा स्वतःचा नंबर जोडून घ्या.