विल्यम ब्लेक यांच्या 'द टायगर' या इंग्रजी कवितेमध्ये पहिले कडवे शेवटी पुन्हा का येते, आणि तिचे वृत्त कोणते?

कडवे पुन्हा येते ते एका शब्दाच्या बदलासाठी: पहिल्या कडव्यातल्या 'कुड'च्या जागी शेवटी 'डेअर' येतो आणि 'हा वाघ कोण घडवू शकला' हा प्रश्न 'घडवायला कोण धजावतो' असा होतो. वृत्ताला इंग्रजीत ट्रोकेइक टेट्रामीटर म्हणतात, म्हणजे आघातयुक्त आणि आघातहीन अक्षरांच्या चार जोड्या. मात्र शेवटच्या जोडीतले हलके अक्षर गाळलेले असते. 'टाय-गर टाय-गर बर-निंग ब्राइट' मोठ्याने म्हणून पाहावे: सात अक्षरे, आणि आघात पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्यावर. ओळ आघातावरच तुटत असल्यामुळे ऐरणीवरच्या घणाचा ठोका ऐकू येतो, आणि चौथ्या कडव्यात घण व ऐरण प्रत्यक्षच येतात. (इथे लघु-गुरू मोजू नये, केवळ आघात मोजावा.) यमक दोन-दोन ओळींचे आहे, पण 'आय' आणि 'सिमेट्री' आजच्या उच्चारात जुळत नाहीत, आणि गंमत अशी की प्रमाणबद्धतेच्या शब्दावरच यमक लंगडते. अर्थात हे वृत्त सर्वत्र काटेकोर नाही. पहिल्या कडव्याची 'कुड फ्रेम'ने सुरू होणारी चौथी ओळ आठ अक्षरांची असून आघातहीन अक्षराने सुरू होते.