कोडची कॉम्प्लेक्सिटी (किचकटपणा) मोजायला एकच आकडा पुरतो का?

नाही पुरत. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी थॉमस मकेबने १९७६ मध्ये मांडली, हिशोब सोपा आहे, फंक्शनमधले इफ, लूप, केस असे जितके फाटे तितके मोजायचे आणि १ मिळवायचा, १० च्या वर गेलं की फंक्शन तोडा असं त्यानेच सुचवलेलं. पण गंमत बघा, २० केसचा सरळसोट स्विच वाचायला काहीच त्रास नसतो तरी आकडा २१, आणि एकात एक घुसवलेले चार इफ डोकं खातात तरी आकडा फक्त ५! म्हणून नेस्टिंग (एकात एक घुसवणं) धरणारी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी पण बघा, सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या टूलमध्ये मिळते. सायक्लोमॅटिक आकडा काढायला, नुसतं पायथन असेल तर रॅडॉन हे टूल चालेल, भाषा मिक्स असतील तर लिझर्ड.

मेंटेनेबिलिटी इंडेक्सवर (कोड सांभाळायला किती सोपा ते सांगणारा आकडा) माझा फारसा भरवसा नाही, हॉलस्टेड व्हॉल्यूम (ऑपरेटर-ऑपरंड मोजून काढलेला कोडचा आकार), ओळींची संख्या सगळं एकत्र कालवलंय, आकडा घसरला तरी नेमकं सुधारायचं काय ते कळत नाही. त्यापेक्षा गिट लॉगमधून (कोडमधल्या बदलांची नोंद) काढा कुठल्या फाइल्स सारख्या बदलतात, त्यातल्या ज्या किचकट पण आहेत तिथूनच रिफॅक्टरिंग (काम तेच ठेवून कोडची रचना सुधारणं) सुरू करा. किचकट आहे पण दोन वर्षं कोणी हातच लावला नाहीये अशी फाइल असेल तर राहू दे तिला तशीच.